एक उन्हाळा, चाळीस वर्षांनी

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी वर्गाला एक निबंध लिहायला देते. विषय दरवर्षी तोच: 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली.' उर्दूच्या तासाला उर्दूत आणि मराठीच्या तासाला मराठीत. वह्या तपासायला घेतल्या की चाळीस वह्यांत मिळून एकच निबंध सापडतो. आम्ही गावी गेलो, नानीच्या घरी राहिलो, आंबे खाल्ले, समुद्रावर गेलो, खूप मजा आली.

यावर्षी एका मुलीला मी वही परत देताना विचारले, "मजा आली म्हणजे काय झालं?" ती म्हणाली, "मिस, विहिरीत बादली पडली. मग मामू उतरले. मग मामू वरच येईनात, नानी रडायला लागली. मग ते हसत वर आले आणि नानीने त्यांना चपलेने मारलं." सगळा वर्ग हसला. मी म्हटले, "हे का लिहिलं नाहीस?" ती गोंधळली. म्हणाली, "हे लिहायचं असतं का?"

तिचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सुट्टीतले काय लिहायचे असते आणि काय लिहायचे नसते, हे आपल्याला कोण सांगते? आज ज्या उन्हाळ्याविषयी लिहायला बसले आहे, तो याच प्रश्नामुळे मला आठवला. तो उन्हाळा १९०७ चा आहे, जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावचा. पण त्याची एक वाट आमच्या मुरूडवरून जाते.

माझे आजोळ मुरूडचे. लहानपणी मे महिन्यात एसटीने तिथे गेलो, की गावात शिरण्याआधी वळणावर नवाबाचा राजवाडा दिसायचा. समुद्राकडे तोंड करून उंचावर बसलेला. अहमदगंज पॅलेस. आत जायची परवानगी नव्हती. आम्ही पोरे खिडकीतून माना बाहेर काढून बघायचो आणि अम्मी ओरडायची. त्या वाड्यात कोणे एके काळी तीन बहिणी राहायच्या, त्या लिहीत-वाचत होत्या आणि हिंदुस्थानातले मोठमोठे लोक त्यांच्या आमंत्रणाची वाट बघत, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते मला कळले बी.एड.ला असताना, उर्दू साहित्याच्या एका जाड पुस्तकातून.

या तीन बहिणी म्हणजे ज़ेहरा, नाज़ली आणि अतिया फ़ैज़ी. मुंबईच्या तय्यबजी कुळातल्या. राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याच कुटुंबातल्या. वडिलांच्या व्यापारामुळे काही वर्षे कुटुंब इस्तंबूलला राहिले होते आणि अतियाचा जन्म तिथलाच, १८७७ सालचा. नाज़लीचे लग्न जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी झाले. त्यामुळे मुरूडचा वाडा बाकीच्या दोन बहिणींचेही घर झाला.

तय्यबजी कुळाची एक गोष्ट मला उर्दूची शिक्षिका म्हणून फार आवडते. ही मंडळी मुळात गुजराती बोलणारी सुलेमानी बोहरा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ठरवून घरात उर्दू आणली. आणि ती नुसती बोलून थांबले नाहीत. घरोघरी 'अख़बार की किताब' ठेवलेली असे. घरात राहणाऱ्याने, पाहुण्याने, मुलीने, सुनेने त्यात त्या-त्या दिवसाची हकिगत लिहायची. कोण आले, कोण आजारी पडले, कुठे सहल गेली. सर्वांनी लिहायचे आणि सर्वांनी वाचायचे. म्हणजे माझा सुट्टीचा निबंध त्या घरात वर्षभर चालू होता!

अशा घरातली अतिया १९०६ च्या सप्टेंबरात लंडनला पोहोचली. जेमतेम महिन्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, बद्रुद्दीन तय्यबजींचे त्याच शहरात अचानक निधन झाले होते. तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि शिकायचे होते शिक्षिका होण्यासाठी. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज हे तिचे कॉलेज. आज आपण बी.एड. म्हणतो तसा तो अभ्यास. वय एकोणतीस, लग्न झालेले नाही, पडद्यात नाही, आणि मुसलमान घरातली मुलगी. त्या काळी हे किती अवघड होते ते वेगळे सांगायला नको.

तिथून ती घरी रोजनिशीवजा पत्रे पाठवत असे. ज़ेहरा ती नीट करून लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकाला देई. १८९८ पासून निघणारे हे साप्ताहिक. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. लाहोर, दिल्ली, अलिगढकडच्या घराघरांत, पडद्याआड बसलेल्या बायका ती वाचत आणि त्यांना लंडन दिसे. पुढे १९२१ मध्ये ही रोजनिशी आग्र्याहून पुस्तकरूपाने आली: 'ज़माना-ए-तहसील', म्हणजे शिकण्याचा काळ.

त्याच लंडनमध्ये १९०७ च्या एप्रिलमध्ये अतियाची एका पंजाबी विद्यार्थ्याशी ओळख झाली. तोही १८७७ चाच. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकत होता, बॅरिस्टरीही करत होता. इराणातल्या तत्त्वज्ञानावरचा त्याचा प्रबंध म्युनिक विद्यापीठाकडे जायचा होता. नाव मुहम्मद इक्बाल.

इक्बाल म्हटले की आपल्या मराठी वाचकासमोर दोनच चित्रे येतात. एक म्हणजे १९०४ सालचा 'तराना-ए-हिंदी' लिहिणारा कवी. दुसरे म्हणजे पाकिस्तानच्या टपाल तिकिटांवरचा विचारवंत. या दोन चित्रांच्या मध्ये १९०५ ते १९०८ अशी युरोपातली तीन वर्षे आहेत. त्या तीन वर्षांतला एक उन्हाळा असा आहे, ज्यात हा माणूस कोणाचाच नाही. तो फक्त एक विद्यार्थी आहे, ज्याला जर्मन येत नाही.

म्युनिकच्या परीक्षेसाठी जर्मन हवी होती, म्हणून इक्बाल हायडेलबर्गला येऊन राहिले. नेकार नदीच्या काठचे हे जुने विद्यापीठाचे गाव. वर डोंगरावर पडका किल्ला, खाली नदी, बागा. विद्यार्थ्यांसाठी घरगुती खानावळीसारखे वसतिगृह होते. एक वयस्क बाई त्याचा कारभार बघत. शिकवायला दोन तरुण शिक्षिका होत्या. त्यातल्या एकीचे नाव एमा वेगेनास्ट. ऑगस्टमध्ये अतिया आपल्या भावाला आणि लंडनच्या काही ओळखीच्या मंडळींना घेऊन तिथे पोहोचली. मग काही दिवस सगळ्यांनी एकत्र काढले. भाऊ, बहीण, मित्र, शिक्षिका. किल्ला बघायला जाणे, डोंगर चढणे, नदीत होड्या वल्हवणे, फळबागेत बसणे, आणि या सगळ्यात तत्त्वज्ञानावर वाद.

हे दिवस अतियाने लिहून ठेवले. पण कुठे लिहिले आणि कधी लिहिले, ते बघण्यासारखे आहे.

'ज़माना-ए-तहसील'मध्ये इक्बालांचा उल्लेख अगदी मोजका आहे. एक विद्वान, कवी, तत्त्वज्ञ भेटले, एवढ्यावर ती पुढे जाते. कारण उघड असावे. ही पत्रे छापून 'तहज़ीब-ए-निस्वाँ'मध्ये जाणार होती. वाचणाऱ्या बायका पडद्यातल्या, आणि त्यांना साप्ताहिक आणून देणारे नवरे-भाऊ. बिनलग्नाची मुलगी परक्या पुरुषाबरोबर नदीवर गेली, हसली, वाद घातला, हे तिथे लिहिले असते तर तिचे तर नाव गेलेच असते, पण परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या पुढच्या दहा मुलींची वाटही बंद झाली असती. म्हणून तिने कॉलेज लिहिले आणि नदी गाळली. माझ्या वर्गातल्या मुलीने विहीर गाळली, तशी.

तब्येत बिघडल्यामुळे अतियाचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही. त्याच वर्षी ती मायदेशी परतली. मी बी.एड.च्या प्रॅक्टिस लेसनच्या दिवसांत हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले होते. घरातली मुलगी इतक्या लांब जाते, आणि पदवी हातात न घेता येते. लोकांनी काय म्हटले असेल?

आता दुसऱ्या बाजूने बघू. इक्बालांनी तो उन्हाळा कसा आठवला?

त्यांनी एक छोटी कविता लिहिली. 'एक शाम' हे तिचे नाव आणि शीर्षकाखालीच नोंद आहे की ती हायडेलबर्गला नेकारच्या काठावरची आहे. १९२४ च्या 'बाँग-ए-दरा' संग्रहात ती आहे. मी ती वर्गात शिकवते. इक्बाल म्हणजे गर्जना, इक्बाल म्हणजे आवाहन, असे मुलांना वाटत असते. या कवितेत गर्जना नाही. चांदणे, झाडे, नदी सगळे गप्प आहे, आणि कवी आपल्याच मनाला गप्प राहायला सांगतो. त्या गर्दीच्या, हसण्याखिदळण्याच्या उन्हाळ्यातली ही एक सांज आहे. कवितेत दुसरे माणूस नाही.

माणसे पत्रांत आहेत. एमा वेगेनास्टला ते कित्येक वर्षे पत्रे लिहीत राहिले, आधी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि पुढे इंग्रजीत. हायडेलबर्गच्या दिवसांची आठवण त्यांत परत परत येते. गोलमेज परिषदांच्या निमित्ताने ते पुन्हा युरोपात गेले, पण एमाची भेट काही झाली नाही.

अतियालाही पत्रे गेली. जंजिऱ्याच्या बेगमसाहेबांकडून मुरूडला येण्याचे आमंत्रण पुन्हा पुन्हा जाई आणि लाहोरहून माफीचे पत्र येई. मौलाना शिबली नोमानी जंजिऱ्याला येऊन राहिले, इक्बाल मात्र आले नाहीत. पहिले लग्न जुळले नव्हते, मन रमत नव्हते, वकिली चालवायची होती. १९०९ च्या एका पत्रात त्यांनी अतियाजवळ आपले घरगुती दुःख फार उघडपणे मांडले आहे. असे दुःख माणूस सहसा अशाच व्यक्तीला सांगतो, जिने त्याला सुट्टीत पाहिलेले असते.

वर्षे गेली. १९१२ मध्ये अतियाने सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी लग्न केले. ते मूळ पुण्याच्या बेने इस्राएल घराण्यातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि फ़ैज़ी-रहमीन असे जोडनाव लावले. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले इक्बाल मुंबईत थांबले, तेव्हा अतियाने घरी त्यांचे स्वागत केले. तोवर इक्बाल 'अल्लामा' झाले होते. १९३८ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

आणि मग १९४७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, अतियाने इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले: 'इक्बाल'. ते मुंबईहून निघाले. त्यात तिने इक्बालांची पत्रे छापली, आणि १९०७ चा तो उन्हाळा पहिल्यांदा मोकळेपणाने, तारखा देत सांगितला.

त्या पुस्तकातले इक्बाल मला फार जवळचे वाटतात. लंडनमधले इक्बाल तिला चलाख, टोचून बोलणारे, दुसऱ्याला शब्दात पकडणारे वाटले होते. हायडेलबर्गमधले वेगळेच. शिक्षिका चूक दाखवतात आणि हे शाळकरी मुलासारखे मुकाट्याने दुरुस्त करतात. होडीच्या शर्यतीत हे शेवटी राहतात. एकदा सगळे सहलीला निघायच्या तयारीत, आणि हे खोलीत पुस्तकापुढे असे निश्चल बसलेले की जिवंत आहेत की नाही अशी भीती वाटावी. शेवटी अतियाने त्यांना गदागदा हलवून भानावर आणले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, भाषेची शिक्षिका आहे. तरी एवढे कळते की हे पुस्तक डोळे मिटून वाचायचे नाही. चाळीस वर्षांनी लिहिलेली आठवण आहे. तोवर तो मित्र फार मोठा झालेला होता आणि मोठ्या माणसाच्या तरुणपणात लोकांना आधीपासूनच तेज दिसू लागते. तंद्री लागण्याची ती गोष्ट १९०७ मध्ये कदाचित 'रात्रभर वाचत बसले आणि सकाळी उठेनात' एवढीच असेल. १९४७ मध्ये तिला सूफी रंग चढला असेल. शिवाय ते वर्ष बघा. ज्याच्या नावाने एक नवा देश मागितला जात होता, त्याच्याविषयी मुंबईतली एक बाई लिहीत होती. त्या वर्षी कोणी काहीही लिहिले तरी त्यात फाळणी शिरणारच होती.

पण म्हणून १९०७ ची रोजनिशी खरी आणि १९४७ चे पुस्तक खोटे, असेही मला म्हणता येत नाही. रोजनिशी त्याच दिवसांत लिहिली, पण भीतीने गाळून लिहिली. पुस्तक भीती गेल्यावर लिहिले, पण चाळीस वर्षांचा रंग चढल्यावर. खरा उन्हाळा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. दोन्ही समोर ठेवूनच तो थोडाफार दिसतो.

पुस्तक निघाले त्याच वर्षी देशाचे दोन तुकडे झाले. पुढच्या वर्षी अतिया आणि रहमीन कराचीला गेले. तिथे त्यांनी घर थाटले, ते हातचे गेले, शेवटची वर्षे हलाखीत गेली. रहमीन १९६४ मध्ये आणि अतिया १९६७ च्या जानेवारीत कराचीतच वारली. मुरूडचा समुद्र तिला पुन्हा दिसला नसावा असे वाटते आणि मन खिन्न होते.

मला मुरूडचा समुद्र दिसतो. पण माझाही एक उन्हाळा आहे, जो मी आजवर लिहिलेला नाही.

तो १९९२ चा मे महिना. मी अकरा वर्षांची. मुंबईचे मामू, मुमानी आणि त्यांची तीन मुले, पनवेलची खाला, आम्ही चौघे, आणि नानी. रात्री अंगणात चटया टाकून ओळीने झोपायचो. शेजारच्या वाडीतली माझी मैत्रीण सकाळी करवंदे घेऊन यायची आणि नानी तिच्या ओच्यात सांदणे घालून परत पाठवायची. तिची आजी आणि माझी नानी दुपारी आमच्या ओटीवर सुपाऱ्या सोलत बसायच्या. एक दिवस मामू आम्हा सगळ्या पोरांना, तिलाही धरून, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला घेऊन गेले. परतताना वारा पडला. होडी मध्येच उभी राहिली. मामू गाणी म्हणत राहिले आणि आम्हाला वाटले आता रात्र समुद्रातच. खूप मजा आली.

त्या डिसेंबरात आणि जानेवारीत मुंबईत काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मामूंचे दुकान गेले. माणसे वाचली, अल्लाचे आभार. पुढे मार्चमध्ये स्फोट झाले, आणि ती दारू आमच्याच किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला उतरली होती असे वर्तमानपत्रांत आले. राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी दिसते. पुढच्या मे महिन्यात आम्ही मुरूडला गेलो तेव्हा मामू नव्हते, ते आखातात गेले होते. आणि मैत्रीण आली नाही. तिला कोणी अडवले होते की तिलाच संकोच वाटला, मला माहीत नाही. मीही गेले नाही. दोन वाड्यांच्या मध्ये एक कुंपण होते, त्यातली वाट आम्ही दोघींनीच पाडली होती. त्या पावसात ती बुजली.

गेल्या वर्षी भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारले, होडी अडकली ते आठवते का? मामूचा मोठा मुलगा दुबईहून म्हणाला, ते १९९१ साल होते. खालाची मुलगी म्हणाली, वारा पडलाच नव्हता, मामूंनी मुद्दाम होडी थांबवायला लावली होती, आपल्याला घाबरवायला. आणि मैत्रीण होडीत होती हे कोणालाच आठवत नव्हते. मला मात्र पक्के आठवते. माझ्याजवळच बसली होती, माझा हात धरून. पण आमच्या घरात 'अख़बार की किताब' नव्हती. नानीला कुराण वाचता येत होते, लिहिता येत नव्हते. मग कोणाचा उन्हाळा खरा?

१९९२ च्या जूनमध्ये मीही शाळेत निबंध लिहिला होता. गावी गेलो, आंबे खाल्ले, किल्ला बघितला. मैत्रिणीचे नाव मी त्यात लिहिले होते की नाही, ते आता कळायला मार्ग नाही. ती वही कधीच रद्दीत गेली.

म्हणून या वर्षीपासून मी एक बदल केला आहे. जूनमधला निबंध तपासून झाला की तो मी मुलांना परत देत नाही. कपाटात ठेवते. मार्चमध्ये, परीक्षेआधी, तोच विषय पुन्हा देणार आणि मग दोन्ही कागद एकत्र टाचून त्यांच्या हातात देणार. विहिरीवाल्या मुलीने विचारले, "मिस, तेव्हा मामूंचं लिहिलं तर चालेल?"

मी म्हटले, "चालेल. नानीने चप्पल मारली तेही लिही. आणि कोण कोण होतं, त्या सगळ्यांची नावं लिही."